आबांचे थरथरते हात

मित्रांनो, मी छगनआबांची जुनी एम-एटी मोटारसायकल. माझा हिरवा रंग उडाला आहे, सीट दोऱ्याने शिवली आहे आणि आरसा एकच उरला आहे. पारनेर तालुक्यात नदीकाठी एक वस्ती आहे. तिथे गोठ्याच्या भिंतीला टेकून मी उभी असते.

केडगावच्या दुकानातून आबांनी मला घरी आणलं, तेव्हा त्यांच्या बायकोने, रतनबाईंनी, माझ्या हँडलला हळदकुंकू वाहिलं होतं. कित्येक वर्षं मी दुधाच्या किटल्या वाहिल्या. पुढे आबांनी म्हशी विकल्या आणि माझ्यावर पोरं बसू लागली. आबांची नात संस्कृती आणि शेजारच्या झुंबरबाईंचा नातू बजरंग. शाळा लांब आहे आणि वाट दोन्ही बाजूंनी उसातून जाते. त्या उसात बिबट्या राहतो. आधी कुत्री नाहीशी झाली, मग शेळ्या. आता वस्तीवर दिवस मावळायच्या आत दारं लागतात.

गेल्या पौषात आबा झोपेतच गेले. दहाव्याचा विधी उरकून माणसं अंगणात बसली. आबांचा मुलगा सुनील शिर्डीच्या एका हॉटेलात कामाला असतो, तोही आला होता. कोणी रडत नव्हतं. आबांची आठवण निघाली की माणसं हसतच होती.

त्यांचे जुने मित्र पुंजाराम म्हणाले, "माज्या लग्नात टेम्पो बंद पडला, तर छगननं मला ह्याच गाडीवर मांडवात न्हेलं. मुंडावळ्या वाऱ्यानं पाठीमागं उडत हुत्या."

झुंबरबाई म्हणाल्या, "माजं पिठलं खाताना डोळं पुसायचा, पन तिखट झालंय असं कदी म्हनला न्हाई."

मग संस्कृती म्हणाली, "एकदा आबांनी वाटेतच गाडी थांबवली. म्हणाले, डोळे मिटा आणि साताचा पाढा म्हणा. चुकलं की परत पहिल्यापासून."

सगळे हसले. मी मात्र शहारले. तो दिवस मला ठाऊक होता.

त्या संध्याकाळी वळणावर बिबट्या वाटेच्या मधोमध बसला होता. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. मागे वळायला जागा नव्हती. आबांनी मला थांबवलं, पण इंजिन चालूच ठेवलं. मित्रांनो, थंडीत मी मध्येच बंद पडते. त्या दिवशी बंद पडले असते तर काय झालं असतं, या विचाराने आजही माझा पत्रा गार होतो. पाठीमागे पोरं पाढा म्हणत होती आणि आबांचे हात इतके थरथरत होते की क्लचची दांडी खडखड वाजत होती. शेवटी बिबट्या उठला, आमच्याकडे बघत राहिला आणि सावकाश उसात शिरला.

अंगणात पुंजाराम म्हणाले, "छगन म्हंजे वाघच. भ्या कशाला म्हनत्यात ते त्याला म्हाईत नव्हतं."

"म्हाईत हुतं," रतनबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"त्या दिवशी वाटंत बिबट्या बसला हुता. म्हनून पोरांला डोळं मिटायला लावलं. घरी आले तर कप हातात धरवंना. मीच च्या पाजला. त्या दिसापासून रोज सकाळी गाडीला किक मारायच्या आधी उलटी व्हायची. मला शपथ घातली हुती, कुनाला सांगू नको, वस्ती घाबरंल. आन मी गप बसले."

अंगणातलं हसू विरलं. सगळ्यांच्या नजरा उसाकडे गेल्या. संस्कृती आजीच्या मांडीत शिरली. सुनील खाली बघून म्हणाला, "उद्यापासून शाळा नको. मी तर शिर्डीत असतो, न्यायचं कुणी?"

मग त्याची बायको निकिता सासूकडे वळून म्हणाली, "मी नेते. मला लई भ्या वाटतं, आत्या. वाटलं हुतं, ज्याला भ्या वाटत न्हाई त्याचंच हे काम. पन आबा रोज भिऊन जात हुते."

सकाळी पोरांना मागे बसवून निकिताने मला किक मारली. तिचेही हात थरथरत होते. उसाच्या तोंडाशी ओल्या मातीत बिबट्याच्या पावलांचे ताजे ठसे होते. तिने ब्रेक दाबला. मागून सायकल खडखडत आली. कॅरिअरला काठी बांधून पुंजाराम आले होते.

"काका, तुम्ही?" निकिताने विचारलं.

"मी बी भितोय," ते म्हणाले. "छगनला एकट्याला जाऊ दिलं. तुला न्हाई जाऊ देनार. चल."

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. तुमच्या घरात एखादं माणूस असेल, ज्याला सगळे धीट म्हणतात. त्याचे हात एकदा आपल्या हातात घेऊन बघा. ते माणूस हयात आहे, तोवरच बघा.