पेटीवरचा हात

आमच्या ख्रिस्ती मंडळीत महिन्यातून एकदा कीर्तन होतं. मी उभा राहतो, वाल्मीक माझ्या मागे पेटीवर. चौदा वर्षं झाली. उधळ्या पुत्राचं आख्यान रंगात आलं की माझा आवाज फाटतो. तिथं वाल्मीक ध्रुपद उचलून धरतो आणि लोकांना वाटतं, देवरामदादांनी मुद्दामच श्वास घेतला. साथीदार मागे बसतो. त्यामुळे मी त्याला ऐकलं पुष्कळ, बघितलं कमीच.

तो सायखेड्याचा. बायको गेल्यावर चार वर्षांच्या सृष्टीला कडेवर घेऊन नाशकात आला आणि पेट्या दुरुस्तीचं दुकान टाकलं. एकदा ख्रिस्ती कॉलेजच्या चॅपलची पेटी उघडून बसला होता, तेव्हा पोर दिवसभर तिथल्या पायरीवर खेळली. मोठं होऊन याच कॉलेजात शिकायचं, हे तिनं तिथंच ठरवून टाकलं.

बारावी झाली, बीबीएची सीईटी झाली. माहितीपत्रक घेऊन दोघं माझ्या ओट्यावर आले. पहिल्या वर्षी व्यवस्थापनाची तत्त्वं, मग मार्केटिंग, पुढे इंटर्नशिप. सृष्टीला बापाच्या हातच्या पेट्या गावोगाव पोचवायच्या होत्या. शेवटच्या पानावर एक सक्तीचा पेपर होता, ख्रिस्ती नीतिमूल्ये, दोन क्रेडिट.

"हे दोन क्रेडिट बाबांच्या जिवावर," ती म्हणाली. "बायबलातले सगळे दाखले त्यांना चालीसकट पाठ आहेत."

"पेपरात चाल लावू नको म्हंजे झालं," वाल्मीक म्हणाला.

अर्ज मी भरून दिला. मंडळीचा सचिव मीच, दर वर्षी पाच-सात पोरांचे अर्ज माझ्या हातून जातात. सर्वसाधारण किंवा ख्रिस्ती अल्पसंख्याक, एकाच चौकोनात खूण करायची होती. मी ख्रिस्ती चौकोनात केली. वाल्मीकला विचारलं नाही. आपल्या माणसाला काय विचारायचं? सृष्टीनं पाहिलं, पण दादांना ठाऊक असेल, असं तिला वाटलं.

तिचं नाव यादीत आलं. सोमवारपर्यंत कागद द्यायचे होते. गुणपत्रिका, सीईटीचा निकाल, शाळेचा दाखला, आणि तिच्या किंवा वडिलांच्या बाप्तिस्म्याचा क्रमांक घातलेलं पाळकांचं पत्र. शुक्रवारी मी नोंदवही काढली. चौदा वर्षांची पानं दोनदा चाळली. नाव नव्हतं.

मग एकेक आठवत गेलं. प्रभुभोजनाच्या रविवारी बाप्तिस्मा झालेले सगळे पुढे जाऊन भाकर घेतात, तेव्हा वाल्मीक पेटी वाजवत असतो. शेवटचा माणूस जागेवर बसेपर्यंत तो पेटीवरून हात उचलत नाही. आम्ही म्हणायचो, काय ही सेवा!

दुकानात गेलो. त्यानं भाता खाली ठेवला आणि सांगितलं. आई, नवसाबाई, तिला वचन दिलं होतं की ती आहे तोवर बाप्तिस्म्याचं पाणी घेणार नाही. गेल्या माघात ती गेली.

मी तडक कॉलेजात गेलो. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, सर्वसाधारण यादी बंद झाली. त्या यादीत शेवटी ज्याला प्रवेश मिळाला, त्याला सृष्टीपेक्षा अकरा गुण कमी होते. माझ्या एका खुणेनं हे झालं होतं.

संध्याकाळी पाळकसाहेबांना घेऊन वाल्मीककडे गेलो. रविवारी बाप्तिस्मा, सोमवारी पत्र, असं मी वाटेतच ठरवलं होतं. साहेबांनी आनंदानं मान डोलावली होती. इतकी वर्षं त्यांची उपासना याच माणसाच्या पेटीवर चालली होती. सृष्टी दाराशी बसली. साहेबांनी सगळ्यांना विचारतात तेच विचारलं.

"वाल्मीकराव, बाप्तिस्मा कशासाठी घेता?"

'प्रभूसाठी' म्हणाला असता तर ते खोटं नसतं. आम्ही दोघंही तेवढाच शब्द ऐकायला थांबलो होतो.

"आई गेल्यापासून मनात हाय, साहेब," वाल्मीक म्हणाला. "तिचं वर्ष झालं की येणारच होतो."

"मग झालं तर," मी म्हणालो.

"नाय, दादा. आता घेतला तर तो सीटचा व्हईल. चौदा वर्सं तुमच्या मागं बसून मी हेच गायलो ना, का देवाला फसवता येत नाय?" मग लेकीकडे न बघता म्हणाला, "पोरी, तू सांग. तू म्हणशील तर घेतो."

सृष्टी उंबऱ्याकडे बघत "नको, बाबा," म्हणाली आणि उठून आत गेली. आत नळ सुटला. आम्ही निघेपर्यंत तो तसाच वाहत होता.

सीट गेली. सृष्टी आता दुसऱ्या कॉलेजात सकाळचं बीकॉम करते. तिची बस चॅपलवरून जाते, तेव्हा ती दुसऱ्या बाजूला बघते, असं तिच्या मैत्रिणीनं सांगितलं.

माघ येऊन गेला. नवसाबाईंचं वर्ष झालं. वाल्मीकनं बाप्तिस्म्याचा विषय काढला नाही आणि त्याला विचारायला मला तोंड उरलेलं नाही. कीर्तनाला तो येतो, ध्रुपद धरतो, कुठं कमी पडत नाही.

गेल्या प्रभुभोजनाला भाकर हातात घेऊन मी पहिल्यांदाच मागे वळून पाहिलं. रांग संपत आली होती. वाल्मीक मान खाली घालून वाजवत होता. त्याला कळलं असावं मी बघतोय, कारण त्यानं सूर संपू दिला नाही. तेच ध्रुपद पुन्हा पहिल्यापासून धरलं.