तार जोडलेलीच होती

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे, एका टेबलावरच्या तिघांतला डावा. दोन बोटं बुटका. म्हणून मधल्या मॉनिटरवरून माझ्याकडे येणारी विंडो पायरी उतरल्यासारखी दिसायची. आमच्या नकाशे काढणाऱ्या बाईंचे सासरे जन्माचे सुतार. त्यांनी माझ्याखाली सागवानी ठोकळा सरकवला आणि मी भावांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलो.

काय दिवस होते ते! बाई विंडो ओढत आणायच्या, माझ्या काठाला टेकवायच्या, की ती चटकन माझी अर्धी जागा धरून बसायची. एकदा त्यांनी ती इतक्या जोरात ढकलली, की माझ्यातून निसटून समोरच्या गच्चीवर जाऊन पडली. खोटं वाटत असेल तर गच्चीला विचारा! नकाशाची शेवटची तपासणी मात्र माझ्यावरच. "याचे रंग डोळ्यांना खुपत नाहीत," असं बाई म्हणायच्या.

मग एक लांबरुंद नवा मॉनिटर आला. माझं बटण बंद झालं आणि मी ठोकळ्यासकट टेबलाखाली, भिंतीकडे तोंड करून बसलो. वायरी काढायला मात्र सगळे विसरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंचा आवाज आला, "अगं, पुलाचा नकाशा उघडतोय, पण दिसत कुठेच नाही!"

"वहिनी, एवढा मोठा पडदा आणलास," नणंद म्हणाली, "त्यानंच गिळला असेल पूल!"

"थट्टा नको गं. पाचला द्यायचाय. दोन महिन्यांचं काम आहे."

नणंदेनं संगणक तीनदा बंद-चालू केला. नकाशा दर वेळी सवयीनं माझ्याकडेच येत होता, माझ्या अंधारात. पण टेबलाखालच्याला विचारतो कोण?

तेवढ्यात सासरे ठोकळा परत न्यायला वाकले.

"सूनबाई, याची तार तर लावलेलीच आहे की!" म्हणत त्यांनी माझं बटण दाबलं.

समोरची भिंत निळी उजळली. बाई रांगतच आत शिरल्या, भिंतीला गाल टेकवून माझ्यात डोकावल्या आणि हसता हसता रडल्या. पाचाला दहा कमी असताना नकाशा रवाना झाला. मी पुन्हा ठोकळ्यावर चढलो.

मित्रांनो, नवं जरूर आणा. पण जुन्याला निरोप द्यायचा तर तार काढून द्या. ती जोडलेली असेल, तोवर आम्ही आपले समजतो, की अजून कामावरच आहोत.