नांदुऱ्याच्या गेटवरचा पाळणा

मित्रांनो, माळ्यावरून करकर ऐकू आली ना? घाबरू नका, तो मीच. सागवानी पाळणा. आता माझ्यात कांदे भरलेत, पण एके काळी लेकरं निजायची. लेकरांच्या ओझ्याने मी कधी थकलो नाही. जी बाई माझी दोरी ओढायची, तिचा शीण मात्र माझ्या कड्यांत अजून आहे.

विमलच्या जन्माच्या वेळी नांदुऱ्याच्या फकीर मोहम्मद मिस्त्रीने मला घडवलं. तिचे वडील इंद्रभान रेल्वेचे गेटमन. त्यांनी मला बैलगाडीत घालून गेटवरच्या क्वार्टरमध्ये आणलं. एक खोली आणि एक पडवी, एवढंच घर. मेल धडधडत गेली की भिंत हलायची, भांडी वाजायची आणि नुकतं निजवलेलं लेकरू टक्क जागं व्हायचं. मग गीताबाई, विमलची आई, कपाळाला हात लावून पुन्हा दोरी धरायची.

शाळा गावात होती, रुळापलीकडे, नाल्यापलीकडे. इंद्रभानला गेट सोडता येत नसे आणि गीताबाईचा पाय घरातून निघत नसे. म्हणून चौथी शिकलेली गीताबाईच मास्तरीण झाली. माझी दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची, मांडीवर निवडायचं सूप घ्यायचं आणि समोर विमल आणि तिच्या पाठच्या हिंमतला पाट्या देऊन बसवायचं. माझ्यात धाकटा उकंडा, पोटात आणखी एक. पाढे म्हणता म्हणता बाईचे डोळे मिटायचे, पण अंगठा हलतच असायचा.

त्यात बासष्ट सालच्या उन्हाळ्यात आणखी एक पोर आली. इंद्रभानचा थोरला भाऊ अर्जुनराव सिंगापूरच्या गोदीत कामाला होता. तिथेच त्याने चिनी बायको केली होती. ती वारली, तेव्हा विमलएवढ्या आपल्या लेकीला, लानला, त्याने आमच्या पडवीत आणून सोडलं आणि तो परत बोटीवर चढला. पोरीला मराठी कळेना, घरात कुणाला चिनी कळेना. ताटातल्या भाकरीकडे बघून ती तोंड फिरवायची. गीताबाई वैतागली. मीही वैतागलो, खोटं कशाला बोलू? घरात आधीच काय कमी पसारा होता!

एका दुपारी गीताबाई भिंतीला टेकली आणि तिचा अंगठा थांबला. उकंडा किरकिरू लागला. लान उठली. तिने बाईच्या अंगठ्याची गाठ अलगद सोडली, दोरी हातात घेतली आणि बारीक आवाजात काहीतरी गुणगुणू लागली. उकंडा गप्प झाला. गीताबाई जागी झाली तेव्हा उन्हं कलली होती. कधी नव्हे ती पोटभर झोपली होती बिचारी! तिने लानला जवळ ओढलं.

"तुयी भाषा आमाले शिकव," ती म्हणाली. "आमची तुले येईल तवा येईल."

शब्द पोरीला कळले नाहीत, पण हात कळला. तेव्हापासून सकाळी बाराखडी आणि दुपारी चिनी. दुपारी लान मास्तरीण व्हायची आणि गीताबाई पोरांच्या रांगेत बसायची. भात म्हणजे फान, चांगलं म्हणजे हाओ. पाटीवर दोन रेघा एकमेकींना टेकवल्या की चिनी अक्षरातला माणूस उभा राहायचा. सूर चुकला की लान मान हलवून पुन्हा म्हणायला लावायची. यापेक्षा जात्यावर बसलेलं बरं, अशी गीताबाई कुरकुरायची. पण सोडायची नाही, कारण पोर आता जेवत होती. पोरांचा लाडका शब्द होता हुओचे, म्हणजे आगगाडी. गाडी दिसली की तिघंही तो ओरडायची.

दिवाळीच्या तोंडावर चीनशी लढाई जुंपली. एक दिवस जवानांची स्पेशल गाडी गेटवरून चालली होती. पोरं हात हलवत "हुओचे! हुओचे!" करत नाचली. गेटवर खोळंबलेल्या लोकांनी ते ऐकलं, लानचा चेहरा बघून भाषा ओळखली आणि बातमी रेल्वेच्या साहेबापर्यंत गेली. शत्रूची भाषा, आणि तीही रेल्वेच्या गेटवर! साहेबाने इंद्रभानला फैलावर घेतलं. गोष्ट नोकरीवर आली. इंद्रभानने घरातलं चिनी बंद केलं. लान पुन्हा मुकी झाली, भाकरी पुन्हा ताटात राहू लागली.

त्याच दिवसांत गीताबाईला मुलगी झाली. बारशाला सुलतानपूरहून इंद्रभानची थोरली बहीण सोजराबाई आली. बाई मोठी करारी. बारसं उरकलं की लानला एखाद्या आश्रमात ठेवायचं, असं तिने ठरवूनच टाकलं. इंद्रभानने मान डोलावली. गीताबाईने बाजेवर कूस वळवून भिंतीकडे तोंड केलं. मला तिचा राग आला. पण भांडायलाही अंगात त्राण लागतं, मित्रांनो, आणि तिच्यात ते उरलं नव्हतं.

बारशाच्या दिवशी मला झेंडूच्या माळा बांधल्या आणि नव्या बाळाला आत ठेवलं. आपली जागा गेलेली पाहून उकंड्याने भोकाड पसरलं. सोजराबाईने त्याला उचललं, शेजारणींनी घेतलं, पण तो कुणाकडे राहीना. लान कोपऱ्यात आपलं कपड्यांचं गाठोडं घेऊन बसली होती. उकंडा सगळ्यांच्या हातांतून निसटला, डुगडुगत तिच्याकडे गेला आणि त्या गाठोड्यावर चढून बसला.

"च्येच्ये," तो म्हणाला.

तोवर त्याच्या तोंडून एकही शब्द फुटला नव्हता. लेकरू काय म्हणालं, असं सोजराबाईने विचारलं. विमलने आधी बापाकडे पाहिलं, मग हळूच सांगितलं, "ताई."

तेव्हा गीताबाई बाजेवर उठून बसली.

"बाई, हिले नका पाठवू. मी लय थकली. या घरात माह्या हातातली दोरी एकीनंच घेतली, ते हिनं."

सोजराबाईने पदराने डोळे पुसले. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे तिचाच. तिने लानला हाताला धरून माझ्यापाशी आणलं.

"तू सांग तिच्या कानात. तुया भाषेत सांग."

लान वाकली. आधी अडखळत मराठीत "केसर" म्हणाली. मग अगदी हलकेच म्हणाली, "मेइमेइ." म्हणजे धाकटी बहीण. ते फक्त केसरला आणि मला ऐकू आलं. इंद्रभान एवढंच म्हणाला, की चिनी घरात बोला, गेटवर नको. कोपऱ्यातलं गाठोडं त्याने स्वतः सोडलं.

पुढे पोरं मोठी झाली आणि मी माळ्यावर आलो. मला तेलपाणी करा, पुसा, असं मी म्हणणार नाही. कांदे बरे आहेत, रडत नाहीत. पण मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी डोळे मिटता मिटता दोरी ओढत असेल. तिच्या हातातली दोरी घटकाभर घ्या. ती मागणार नाही. गीताबाईनेही मागितली नव्हती.

लानने आपणहून गाठ सोडून दोरी घेतली होती.