लावलंय, चला

बाजारात त्यांना सगळे काटेसाहेब म्हणत. आडनाव निराळंच होतं, पण दुकानदारांच्या तराजूचे काटे तपासण्यात ज्याची उभी हयात गेली, त्याला दुसरं काय म्हणणार? पेटीतून सरकारी प्रमाण वजन काढायचं, एका पारड्यात ते, दुसऱ्यात दुकानदाराचं, आणि काटा थांबेपर्यंत श्वास रोखून उभं राहायचं. कुणाच्या शब्दावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. "साहेब, शपथेवर सांगतो, बरोबर आहे," असं कुणी म्हटलं, की ते दुप्पट बारकाईने बघत.

नोकरीला नवे असताना त्यांनी वरिष्ठांना विचारलं होतं, "हे आपलं वजन बरोबर कशावरून?"

"वरच्या कार्यालयातल्या वजनाशी ताडलेलं असतं."

"आणि ते?"

"त्याच्या वरच्या."

"आणि सगळ्यात वरचं?"

वरिष्ठांनी कप पुढे सरकवला. "चहा घ्या," म्हणाले. चहा झाला, उत्तर राहिलं ते राहिलंच.

एकदा एका वाण्याकडे त्यांना एकाच मापाची दोन वजनं सापडली. "रोज एकमेकांशी ताडून बघतो साहेब, केसाचा फरक नाही," वाणी छाती फुगवून म्हणाला. फरक नव्हताच. दोन्ही सारखीच झिजली होती. काटेसाहेबांनी ती जप्त केली आणि घरी येऊन हा किस्सा हसत हसत सांगितला. बायको हसली नाही. "बिचारी झिजलीसुद्धा बरोबरीनं," एवढंच म्हणाली.

आता असल्या माणसाला घरात तरी चैन कशी पडणार? बाहेर निघताना कुलूप लावायचं, ओढून बघायचं, जिना उतरायचा, आणि कोपऱ्यावर पोचलं की मनात शंकेची पाल चुकचुकायची. "अगं, कुलूप लावलं ना मी?" पुढे चाललेली बायको मागे वळूनही न बघता म्हणायची, "लावलंय, चला." आणि नवल म्हणजे, साऱ्या बाजाराला घाम फोडणारा हा माणूस निमूट चालू लागायचा. तिच्या शब्दाला त्यांनी कधी काटा लावला नाही.

बायको गेली, त्याला वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून काटेसाहेब कोपऱ्यापलीकडे गेलेच नव्हते म्हटलं तरी चालेल. नोकरी आधीच संपली होती; दूध, भाजी, औषधं, सगळं कोपऱ्याच्या अलीकडेच मिळायचं, म्हणून निभत होतं. पण मुलगी दुसऱ्या गावी होती. तिला मुलगी झाली, ती पालथी पडू लागली, रांगू लागली, आणि आजोबांनी तिला अजून फोनवरच पाहिलं होतं. दर वेळी पिशवी भरून ते निघत, कोपऱ्यावरून परत फिरत, कुलूप ओढून बघत, पुन्हा निघत, पुन्हा फिरत. तोवर बस निघून गेलेली असे.

"कुलपाचा फोटो काढून ठेवा ना," मुलीने सुचवलं. त्यांनी काढला. मग कोपऱ्यावर तो फोटो न्याहाळत उभे राहिले. हा आजचा, की मागच्या वेळचा? कुलूप तर तेच होतं.

शेवटी मुलगीही वैतागली. "बाबा, तुम्हाला यायचंच नसेल तर तसं सांगा. मी वाट बघणं सोडून देते."

म्हणून आज ते पुन्हा निघाले, आणि आज पुन्हा फिरले. जिन्याखालच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या बाईंनी मशीन थांबवलं.

"काका, बस जाईल तुमची."

काटेसाहेबांनी लाज गुंडाळून ठेवली. "एक काम कराल? मी वर जाऊन कुलूप लावतो. तुम्ही बघा, आणि मला नुसतं 'लावलंय' म्हणा. काकू म्हणायची तसं."

"बघते की. पण काकू कुठे बघायच्या?"

"म्हणजे?"

"अहो, त्यांचे गुडघे दुखायचे ना? तुम्ही वर कुलूप लावत असायचात, तेव्हा त्या इथं खाली माझ्याशी बोलत असायच्या. मी विचारलं होतं एकदा, काकू, न बघताच कसं सांगता? तर म्हणाल्या, 'कुलूप कशाला बघू? माणूस बघितलाय मी. हा कुलूप विसरायचा नाही.'"

काटेसाहेब जिन्याच्या पायरीवर मटकन बसले. खरंच की. ती नेहमी खाली असायची. इतकी वर्षं ज्या शब्दावर ते रस्ता ओलांडत आले, त्या शब्दामागे त्यांच्याखेरीज काहीच नव्हतं. त्यांचा भरवसा तिच्यावर, तिचा त्यांच्यावर. वाण्याची ती दोन वजनं त्यांना आठवली, आणि बायको का हसली नव्हती तेही आता उमगलं. त्यांना तिची अशी काही आठवण आली, की पिशवीत तोंड खुपसून ते रडले. बाईंनी उगीच मशीन सुरू केलं.

मग डोळे पुसून ते उठले. वर न जाता रस्त्याला लागले. कोपऱ्यावर पाल चुकचुकलीच, ती काय सोडते? त्यांनी सवयीने शेजारी पाहिलं. कुणी नव्हतं. पाय मागे ओढत होते, पण ते कसेबसे बसपर्यंत पोचले आणि खिडकीशी बसले.

बस गावाबाहेर पडली तेव्हा फोन वाजला.

"बाबा, निघालात?"

"निघालो."

"आणि कुलूप?"

त्यांनी बाजूच्या रिकाम्या जागेवर हात ठेवला.

"माहीत नाही गं," ते म्हणाले. "पण येतोय."