वैजनाथ सरांचा अनिमेष

घोडेगावच्या मैदानावर पूजानं शेवटच्या चढाईत दोघींना बाद केलं आणि कोल्हारचा महिला कबड्डी संघ जिल्ह्यात पहिला आला. पोरींनी प्रशिक्षक वैजनाथ सरांना उचललं, झेललं, पुन्हा उचललं. परतीच्या टेम्पोत बसले तेव्हा सर गुलालानं बुटापर्यंत माखले होते. मंडळाचे अध्यक्ष काकासाहेब चषक मांडीवर घट्ट धरून बसले होते.

"सर, आता लगीन करा! पोरगी आमी बघतो!" कर्णधार पूजा ओरडली.

एरवी सर हसून विषय उडवून लावायचे. आज मात्र छातीत आनंद मावत नव्हता आणि त्याच्यासोबत इतके दिवस मनात दडवलेलंही बाहेर पडलं.

"पोरगी नको गं. माझा अनिमेष हाय."

सगळ्या पोरींनी वळून सरांकडे बघितलं. सरांना वाटलं, गेलं सगळं.

"अनिमेष म्हंजे," पूजानं डोळे बारीक केले, "सामन्याला येऊन डुलक्या काढत्यात ते?"

"तेच."

"न्हाई सर! न्हाई पटत! त्यांना बोनस रेषा बी कळत न्हाई!"

सगळ्या खो-खो हसत एकमेकींवर कोसळल्या. काकासाहेब मात्र खाकरले. "वैजनाथ, लोकं काय म्हनतील? पोरींच्या घरचे..."

"म्या हाय की घरची," पूजाची आई रतनबाई भेळीचा घास गिळत म्हणाली. "मला इचारा. ह्यांच्या हाताखाली माजी पोर वाघीण झाली. फुडं बी हेच सर पायजेत."

"सर न्हाई तर आमी बी न्हाई!" पोरींनी टेम्पोच्या पत्र्यावर असा ठेका धरला की ड्रायव्हरनं घाबरून ब्रेक दाबला.

"अरे, मी कुटं काढतोय त्याला!" काकासाहेब चषक सावरत ओरडले. "फकस्त इचारलं!"

प्रवरेच्या पुलापलीकडे अनिमेष मोटारसायकल लावून उभा होता. टेम्पो थांबायच्या आत पोरी उड्या मारून त्याच्यावर तुटून पडल्या. काय झालंय हे कळायच्या आत तो गुलालात न्हाला होता.

"म्हना, कबड्डी कबड्डी! एका दमात!" पूजानं फर्मावलं.

अनिमेषनं दम भरला, चार वेळा म्हणाला आणि ठसकला. सरांनी सगळ्यांदेखत त्याची पाठ चोळली आणि हसता हसता रस्त्यावरच मटकन बसले.

"उद्या सकाळी मैदानावर या, दाजी," पूजा म्हणाली. "लई काम करायचं हाय तुमच्यावर."