चेहरा धाकट्याचा, कान थोरल्याचा

मी एक संगमरवरी अर्धपुतळा. डोकं, मान आणि खांद्यांपर्यंतची छाती, एवढाच मी. सध्या दोह्यातल्या एका खासगी संग्रहालयाच्या गोदामात, लाकडी खोक्यात आहे.

चारशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका लहानशा संस्थानात बार्तोलो नावाच्या शिल्पकाराने मला घडवलं. तिथल्या ड्यूक लोरेंझोने त्याला दरबारात आसरा दिला होता, शिल्पशाळा बांधून दिली होती. बार्तोलोने मला ड्यूकचाच चेहरा दिला. दाट दाढी, रुंद कपाळ आणि डाव्या कानाची फाटकी पाळी. लहानपणी शिकारीच्या ससाण्याने ती ओरबाडली होती.

"ही पाळी नीट करून दाखवू का?" बार्तोलोने विचारलं.

"राहू दे," ड्यूक हसला. "ती माझीच आहे."

तीन वर्षांनी ड्यूकच्या धाकट्या भावाने, ओत्ताव्हिओने, सैन्य फोडलं आणि लोरेंझोला बुरुजात कोंडलं. मग तो शिल्पशाळेत आला. माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "आठ दिवसांत पाहुणे राजे येतायत. तोवर यावर माझा चेहरा हवा. नाहीतर तुझे हात मी ठेवून घेईन."

बार्तोलोने छिन्नी उचलली. दाढी गेली. कपाळ अरुंद झालं, गाल आत गेले. प्रत्येक घावाआधी तो दाराकडे बघायचा, कारण तिथे शिपाई उभा होता. डाव्या कानाशी मात्र त्याचा हात थांबला. त्याने कानाला हात लावला नाही. मला कोनाड्यात असं बसवलं, की ती बाजू भिंतीकडे राहावी. पाहुण्यांनी माझी वाहवा केली आणि बार्तोलोचे हात वाचले. लोरेंझो बुरुजातून कधीच बाहेर आला नाही.

पुढे राजवाडे विकले गेले, मीही हातोहात फिरलो. शेवटी दोह्याच्या या संग्रहालयाच्या मालकीण रबिया मॅडमनी मला 'विजयी ओत्ताव्हिओ' म्हणून विकत घेतलं. दोह्यातल्या फुटबॉल वर्ल्ड कपला पाच आठवडे उरले होते. युरोपातले पाहुणे येणार होते आणि मी दालनाच्या मधोमध बसणार होतो.

मला साफ करायचं काम नाशिकच्या गार्गी सोनवणेकडे होतं. कापसाचा बोळा फिरवता फिरवता ती कानाशी थबकली. दिवा जवळ आणला, हनुवटीखालचे छिन्नीचे वण पाहिले. मग लोरेंझोचं एक जुनं रेखाचित्र शोधून काढलं. त्यातही पाळी फाटकीच होती.

मॅनेजर खलील घाईत आला. "यल्ला, चल लवकर गार्गी, पाटी आज छापायला द्यायचीय. 'ओत्ताव्हिओसाठी घडवलेला.' फक्त सही कर."

तिने जेवणाच्या सुट्टीत माझ्याशेजारीच बसून नवऱ्याला फोन लावला. डबा तसाच बंद होता.

"अवधूत, पाटी खोटी आहे रे."

"माझं रास लफानच्या गॅस प्रकल्पातलं काँट्रॅक्ट जूनमध्येच संपलंय," तो म्हणाला. "घर तुझ्या नोकरीवर आहे. मन्सूरातल्या फ्लॅटचं भाडं, गौरीची शाळा..." शेवटी म्हणाला, "पण सही तुझी आहे. तू ठरव."

दुपारी रबिया मॅडम स्वतः आल्या. गार्गीने त्यांना माझी डावी बाजू दाखवली.

"मी विजेता विकत घेतलाय," त्या म्हणाल्या.

"चेहरा विजेत्याचाच आहे, मॅडम. कान हरलेल्याचा आहे."

त्यांनी वाकून पाळीवरून बोट फिरवलं.

"हे कुठे लिहिलंय?"

"माझ्या तपासणीच्या फाइलमध्ये."

"फाइल बदलता येते."

"येते," गार्गी म्हणाली. "पण माझ्या अक्षरात नाही बदलणार."

रबिया मॅडमनी हात मागे घेतला. "याला खाली न्या. खलास."

माझ्या जागी चांदीचं घड्याळ आलं. गार्गीची नोकरी गेली. पहिल्या सामन्याच्या आठ दिवस आधी ती, अवधूत आणि गौरी नाशिकला परतले.

खोकं बंद करायला ती स्वतः आली होती. माझ्या खांद्याशी तिने एक कागद ठेवला. त्यावर लोरेंझोचं नाव आहे, ओत्ताव्हिओचं आहे, आणि माझ्या तळाशी कोरलेलं, चारशे वर्षांत कुणी न वाचलेलं बार्तोलोचंही आहे.

पुढे कधी खोकं उघडाल, तेव्हा मला पाटी लावायची घाई करू नका. आधी तो कागद वाचा. लिहिणारीने स्वतःचं नाव त्यावर घातलेलं नाही. तेवढं मी सांगून ठेवतो. ती गार्गी सोनवणे.