ओल्या कोब्यावरची अटक

कायद्याचे हात लांब असतात, त्यांच्यापासून कुणी सुटत नाही. पाय मात्र चारचौघांसारखेच असतात आणि ओल्या सिमेंटात रुततात.

आमच्या शेजारच्या गवंड्याला सगळे ओळंबा म्हणतात, कारण भिंत सरळ आहे का ते बघायच्या त्या दोरीसारखा तोही कुणापुढे वाकत नाही. दवाखान्यासमोरचं बाक रस्त्यात येतं म्हणून नगरपालिकेनं तोडलं. म्हातारी माणसं उभी राहायला लागली, तेव्हा ह्यानं ते पुन्हा बांधलं. पुन्हा तोडलं, पुन्हा बांधलं. शेवटी नगरपालिकेनं खटला भरला आणि वर निरोप धाडला, माफीनामा द्या, मिटवून टाकू. ओळंब्यानं माफीनामा दिला नाही आणि तारखेला कोर्टातही गेला नाही. अटकेचं वॉरंट निघालं.

फौजदार आणि हवालदार सकाळी आले तेव्हा बाहेरच्या खोलीत नुकताच कोबा घातलेला होता. शहाणा गवंडी आतून सुरुवात करतो आणि मागे सरकत दारातून बाहेर पडतो. ह्यानं दारापासून सुरुवात केली होती आणि घोटत घोटत आतल्या खोलीत जाऊन बसला होता. घराला दुसरं दार नाही. बायको बाहेर पायरीवर चहा पीत होती.

"उलटा घातलात की हो," हवालदार कळवळून म्हणाला. त्याच्याही घराचं काम चालू होतं.

"मुद्दाम," आतून उत्तर आलं. "उद्या या, वाळेल तोवर."

फौजदारांनी वॉरंट वाचून दाखवलं. "बाई, दार तोडायचाही अधिकार आहे आम्हाला."

"दार उघडंच आहे, साहेब. कोबा तोडायचं लिहिलंय का त्यात?"

फौजदारांनी कागद पुन्हा पाहिला. लिहिलं नव्हतं.

"नवरा लपून बसलाय आणि तुम्ही वर तोंड करून बोलताय."

"लपलाय कुठे? समोर दिसतोय. अहो, हात हलवा जरा."

ओळंब्यानं हात हलवला.

फौजदार नरमले. "माफीनाम्यावर सही करायला सांगा. मी इथूनच परत जातो."

"लग्न झाल्यापासून भांडतेय मी. मला एकदाही 'चुकलो' म्हणाले नाहीत, आणि तुम्ही तर आज आलात."

यावर फौजदार आत घुसले. खोलीच्या मध्यावर पोहोचेपर्यंत बूट जड झाले.

"हलू नका," ओळंबा म्हणाला. आवाज आरोपीचा नव्हता, मुकादमाचा होता. "आणखी वाट लावाल. आलात त्याच ठशांवरून मागे जा."

फौजदार तसेच मागे दाराबाहेर गेले. ओळंब्यानं फळी टाकली, तिच्यावर उकिडवा बसला आणि थापीनं एकेक ठसा बुजवत, फळी ओढत, शहाण्या गवंड्यासारखा दाराकडे सरकत आला. उंबऱ्याशी पाठ टेकली तेव्हा हवालदारानं खांद्यावर हात ठेवला. शेवटची थापी मात्र मारू दिली.

"सापडलास," फौजदार म्हणाले.

"मी आलो. तुम्ही आणलं नाहीत. तसंच लिहा."

बायकोनं त्याच्या हाताला लागलेलं सिमेंट पुसलं. "सही केलीत तर घरात घेणार नाही."

गल्लीतली निम्मी माणसं मागोमाग कोर्टात गेली. ओळंबा वाटभर एकच वाक्य घोकत होता: तोडाल तितक्यांदा बांधीन.

न्यायाधीश दाढ काढायला गेले होते.